चर्चमधल्या बी अँड बीत पहिल्यांदा राहताना

ब्रिटनमध्ये जुन्या चर्चमध्ये थाटलेलं बी अँड बी (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता) बुक करताय ना, मग फोटोंवर भाळण्याआधी खोली नेमकी कुठे आहे ते विचारा. बरेचदा उंच सभागृहात मधे मजला टाकून वर खोल्या काढलेल्या असतात. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरची खोली उबदार आणि खालची बैठक गारठलेली. जाड दगडी भिंती तापायला वेळ लागतो. थंडीत जाणार असाल तर पोचायची वेळ कळवून हीटिंग दुपारीच सुरू करायला सांगा. जाड मोजे न्याच.

जुन्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंड या पंथाच्या) चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते. त्या टोकाची खोली मिळाली तर जूनमध्ये पाचच्या आधीच उजाडतं, आणि टोकदार कमानीच्या खिडकीला पडदा नीट बसत नाही. डोळ्यांवरची पट्टी बॅगेत टाका. (हौसेने तीच खोली मागणारेही असतात, तो भाग वेगळा.) मनोऱ्यातलं घड्याळ रात्री टोले देतं का, हेही विचारून घ्या.

आईबाबा सोबत असतील तर जिना किती अरुंद आहे आणि बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, एवढं पक्कं करा. संरक्षित वास्तूत लिफ्ट क्वचितच असते. आवारात कबरी असतील तर तिथे नातेवाईक फुलं घेऊन येतात, सकाळचा चहा तिकडे नेऊ नका.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, नाश्त्याचे मशरूम-टोमॅटो बेकनच्याच (डुकराच्या मांसाच्या) तव्यात परतू नका म्हणावं. ताटात काळी गोल चकती दिसली तर ती ब्लॅक पुडिंग, डुकराच्या रक्ताची.