माइकचा आवाज फक्त डाव्या कानात येतोय, दोन्हीकडे कसा आणायचा?

एका माइकला मोनो ट्रॅकच घ्यायचा, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. तुम्ही लिहिलंय की माइक इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीच्या) पहिल्या इनपुटला आहे आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं इनपुट स्टिरिओ १/२ ठेवलंय. मग आवाज डावीकडेच येणार. १ डावा, २ उजवा, आणि दोनमध्ये तुम्ही काही लावलेलंच नाही. ट्रॅकच्या लाल रेकॉर्ड बटणावर राइट क्लिक करून मोनो इनपुट १ निवडा, पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण, मधोमध ठेवा.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या पुढच्या वाक्यामुळे. मित्र म्हणतो, डावा आवाज कॉपी करून उजवीकडे टाक आणि एक बाजू इन्व्हर्ट (आवाजाची लाट उलटी, अधिकची उणे) कर, आवाज मस्त पसरतो. हे करू नका. कुणी कितीही वर्षं या धंद्यात असो, करू नका.

माझी आजी तासगाव तालुक्यातली. जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या आमच्या घरात कुणालाच येत नव्हत्या. माझा चुलतभाऊ, दादा, ऑर्केस्ट्राचं साउंड बघतो. एका उन्हाळ्यात त्यानं लॅपटॉप आणि माइक गावी नेला, आजीला पडवीत जात्यासमोर बसवलं आणि दोन दिवस तिच्या ओव्या घेतल्या. ट्रॅक स्टिरिओ, माइक एक. सगळी आजी डाव्या बाजूला. आमच्या अप्पांचा डावा कान लहानपणीच फुटलेला, त्यांना उजव्यानंच ऐकू येतं. त्यांनी इयरफोन घातले आणि म्हणाले, "यात काही लागलेलंच नाही."

मी तेव्हाच दादाला म्हटलं, मोनो कर. तो म्हणाला, मोनो जुन्या रेडिओला, आता सगळं स्टिरिओ असतं, तू शाळेत गणित शिकव. त्यानं कॉपी करून उजवीकडे टाकली, ती बाजू उलटी केली, आणि कुणाला न विचारता खाली तंबोरा घातला. मी मिरजेत राहते, तंबोऱ्याला नावं ठेवणार नाही. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. पण ओवीला जात्याची घरघर हाच सूर असतो. आजी जन्मात तंबोऱ्यावर गायली नाही.

इयरफोनवर ते ऐकायला खरंच मोठं वाटायचं. अप्पांनाही उजव्या कानात ऐकू यायला लागलं, म्हणून विषय मिटला.

आजी गेली. वर्षश्राद्धाला मंडपवाल्यानं एकच स्पीकर आणला होता. त्याला डावी-उजवी बाजू एकत्र करून जोडली, आणि नुसता तंबोरा वाजायला लागला. ना ओवी, ना जातं. आत्या स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई कुठाय?"

अधिक आजी आणि उणे आजी, बेरीज शून्य. सातवीच्या पोराला कळेल असं हे आहे. दादा आजही म्हणतो की स्पीकर खराब होता.

मूळ रेकॉर्डिंग त्यानं तोवर पुसून टाकलेलं. माझ्याकडे पेनड्राइव्हमधल्या वेव्ह फाइल होत्या, तंबोरा मिसळलेल्या. त्या रात्री मी वहीवर मांडलं. डावीकडे आजी अधिक तंबोरा, उजवीकडे उणे आजी अधिक तंबोरा. डावीतून उजवी वजा केली तर तंबोरा जातो आणि दुप्पट आजी उरते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करून दोन बाजू वेगळ्या केल्या, उजवा ट्रॅक इन्व्हर्ट केला, दोन्ही मोनोत मिसळले. तंबोरा गेला. आजी आली, जातं आलं, मागे कोंबडा आरवलेलाही आला. तंबोरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा होता म्हणून हे जमलं. तो स्टिरिओ असता किंवा फाइल एमपीथ्री असती तर थोडा मागे राहिला असता.

तुमचं जे आधीच रेकॉर्ड झालंय ते फेकू नका. ऑडॅसिटीत तसंच स्प्लिट करून रिकामा उजवा ट्रॅक काढून टाका. नुसतं 'मिक्स स्टिरिओ डाऊन टू मोनो' करू नका, तिथे रिकाम्या बाजूशी सरासरी होते आणि आवाज ६ डेसिबलनं खाली येतो. ओबीएस हे व्हिडिओ रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात अॅडव्हान्स्ड ऑडिओत मोनोची खूण आहे, तीही तसंच करते, मग आवाज वाढवून घ्या.

स्टिरिओ वाईट असं माझं म्हणणं नाही. दोन माइक लावून आख्खं भजनी मंडळ घेत असाल तर स्टिरिओच घ्या. आणि उलट बाजूचा घोळ न करताही होतो: मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमधून (तिथे एकच आवाज एका तारेतून सुलटा आणि दुसरीतून उलटा जातो) तीन जोडांच्या पिनची वायर थेट रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटात घातली की दोन बाजू आपोआप एकमेकींच्या उलट येतात. म्हणून काहीही कुणाला पाठवण्याआधी एकदा मोनो करून ऐका. आवाज नाहीसा झाला तर एक बाजू उलटी आहे.

दादालाही मी त्या फाइल पाठवल्यात. त्यानं अजून ऐकलेल्या नाहीत. अप्पा रोज सकाळी ऐकतात, उजव्या कानात एकच इयरफोन घालून.