गुगलकडून माहिती मिळते, खात्री मिळत नाही

"नेटवर वाचू नका" हा सल्ला मी कुणालाही देत नाही. शरीर आपलं, दुखणं आपलं, आणि त्याबद्दल वाचायचं नाही असं जाणत्या माणसाला सांगणं मला पटत नाही. शिवाय तो सल्ला कुणी पाळत नाही, माणसं फक्त लपून वाचायला लागतात. त्यामुळे "नेटवरच्या कुठल्या माहितीवर विश्वास ठेवायचा?" असं कुणी विचारलं की मी सरळ उत्तर देते. पण ते उत्तर काहींना पुरतं आणि काहींना अजिबात पुरत नाही. असं का होतं ते केतकीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसलं, म्हणून तिच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

केतकी तेहतीस वर्षांची. तिची उजवी पोटरी मधूनच फडफडायला लागली. दुखत नव्हतं, चालताना त्रास नव्हता. निवांत बसलं की कातडीखाली काहीतरी लवतंय असं वाटायचं, एवढंच. एका रात्री झोप येईना म्हणून तिने फोन उचलला आणि शोधलं. थोड्याच वेळात तिच्यासमोर एएलएस हे नाव आलं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात, असा हा आजार. पूर्ण बरं करणारा उपचार त्यावर अजून नाही. त्या रात्रीपासून तिची झोप गेली आणि फडफड वाढली.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा न्यूरोलॉजिस्टची तपासणी होऊन गेली होती. स्नायूंची ताकद, रिफ्लेक्स, ईएमजी (स्नायूंमधले विद्युत संकेत मोजणारी तपासणी), सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "निरुपद्रवी आहे, गुगल बंद करा," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. केतकी घरी गेली आणि त्याच रात्री तिने शोधलं: ईएमजी नॉर्मल असूनही एएलएस असू शकतो का.

"मॅडम, मी अडाणी नाही," ती मला म्हणाली. "मी फॉरवर्ड वाचत नाही. मोठ्या हॉस्पिटलांच्या साइट्स वाचते, रिसर्च पेपर वाचते. मग मला शांत का वाटत नाही?"

मी तिला फोनमधली सर्च हिस्टरी उघडायला सांगितली. आम्ही दोघींनी ती सुरुवातीपासून वाचली. पहिला शोध होता "पोटरी फडफडणे". दुसरा "पोटरी फडफडणे एएलएस". त्यानंतर "एएलएसची पहिली लक्षणं", "कमी वयात एएलएस", "एएलएस उशिरा कळतो का". तिसऱ्या शोधापासून पोटरी गायब झाली होती. तिथून पुढे ती स्वतःच्या पायाबद्दल वाचतच नव्हती, एका आजाराबद्दल वाचत होती. आणि तो आजार तिला आहे असं कुणीही म्हटलेलं नव्हतं.

हे तिच्या एकटीच्या बाबतीत घडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८मध्ये लोक आरोग्याबद्दल कसं शोधतात याचा अभ्यास मांडला. डोकेदुखीपासून सुरुवात करून लोक मेंदूच्या गाठीपर्यंत कसे पोचतात हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या उदाहरणांत स्नायू फडफडण्यावरून थेट एएलएसपर्यंत जाणंही होतं. कारण साधं आहे. सर्च इंजिन तुम्ही टाइप केलेल्या शब्दांशी जुळणारी पानं आणून देतं. तुम्हाला तो आजार असण्याची शक्यता किती, हा हिशेब त्यात नसतो. दमणूक, अपुरी झोप, जास्त कॅफीन, व्यायाम आणि ताण यांमुळे स्नायू फडफडणं अगदी नेहमीचं आहे, पण त्यावर कोण पानंच्या पानं लिहिणार? एएलएस वर्षाला लाखात साधारण एक-दोन माणसांना होतो आणि त्यावर मात्र भरपूर लिहिलं जातं, लिहिलंच पाहिजे. स्क्रीनवर दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी-शेजारी दिसतात.

तिचे रिसर्च पेपरही पाहिले. त्यातले बरेचसे एकेका रुग्णाचे अहवाल होते: अमुक वयाच्या व्यक्तीला आधी फक्त फडफड, नंतर एएलएसचं निदान. मी विचारलं, "हा अहवाल छापला का गेला असेल?" ती विचारात पडली. असं क्वचित घडतं म्हणूनच तो छापण्याजोगा ठरला. फडफड झाली आणि आपोआप थांबली, यावर कुणी डॉक्टर अहवाल लिहायला बसत नाही. पबमेडवर सापडलं म्हणजे सिद्ध झालं, असाही अनेकांचा समज असतो. पबमेड ही वैद्यकीय संशोधन लेखांची ऑनलाइन सूची आहे, तिथे उत्तम अभ्यासही असतात आणि कच्चेही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८चा लेख 'लॅन्सेट'सारख्या नामवंत नियतकालिकात आला होता. त्यात फक्त बारा मुलं होती. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. म्हणून सामान्य वाचकाने सुट्या पेपरपासून सुरुवात करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मग सुरुवात कुठून करायची? मी तिला मोजकीच ठिकाणं दिली. एखादा आजार, तपासणी किंवा औषध समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं मेडलाइनप्लस. ते १९९८पासून चालू आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. किंवा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची वेबसाइट. तिथे पान शेवटचं कधी तपासलं आणि पुढे कधी तपासणार, या तारखा खाली दिलेल्या असतात. 'हा उपचार खरंच चालतो का' असा प्रश्न असेल तर कॉक्रेन. १९९३मध्ये सुरू झालेली ही संस्था एकेका प्रश्नावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासते, सोप्या भाषेत सारांश देते आणि औषध कंपन्यांचे पैसे घेत नाही. साथीचे आजार आणि लसी यांसाठी जागतिक आरोग्य संघटना. याखेरीज दुसरं कुठलंही पान उघडलं तर आधी खाली जाऊन पाहायचं: लिहिलं कुणी, तपासलं कुणी, कधी, आणि हेच लोक त्यावरचं काही विकतायत का. विकत असतील तर ते पान बंद.

रुग्णांच्या ऑनलाइन गटांतले अनुभव वाचायला माझा विरोध नाही. दीर्घ आजारात त्यांचा फार मोठा आधार असतो. पण निदान होण्याआधी ते वाचू नयेत. ज्यांची फडफड दोन महिन्यांत थांबली ती माणसं तिथून केव्हाच निघून गेलेली असतात, आणि ज्यांचं वाईट झालं किंवा ज्यांची भीती गेली नाही तीच लिहीत राहतात. लक्षणं टाकली की आजार सांगणाऱ्या साधनांचंही तसंच. २०१५मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा २३ साधनांची तपासणी छापून आली. योग्य निदान यादीत पहिलं येण्याचं प्रमाण होतं ३४ टक्के.

चॅटबॉटचा मुद्दा केतकीने स्वतः काढला. तिने एकाला तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारला होता. पहिल्यांदा त्याने धीर दिला. मग तिने "पण मला पाय थोडा जड वाटतो" असं जोडलं, मग "दोन्ही पाय", मग "कधीकधी हातसुद्धा". शेवटी त्याने एएलएसचा उल्लेख केला आणि तिला वाटलं, बघा, यालाही कळलं. चॅटबॉट तुम्ही जे पुरवाल त्यावर बोलतो. तुमच्या पायाची ताकद त्याने हात लावून पाहिलेली नसते. शिवाय तो अस्खलित भाषेत चुकीचं सांगू शकतो, अस्तित्वात नसलेले संदर्भही देऊ शकतो. "डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दे" हे काम मात्र तो चांगलं करतो. त्यासाठी वापरा.

एवढं झाल्यावर मला वाटलं होतं त्यापेक्षा केतकी लवकर शिकली. पुढच्या भेटीला येताना तिने स्वतः शोधून एक अभ्यास आणला. १९९३चा, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलचा. निरुपद्रवी फडफड असलेल्या १२१ जणांवर काही वर्षं, काहींवर तर तीन दशकं लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही. नेमका प्रश्न, भरवशाची जागा, दीर्घ काळाचा अभ्यास. माझ्या दृष्टीने याहून चांगलं वाचन असू शकत नव्हतं.

तिने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मी एकशे बाविसावी असले तर?"

या वाक्यापाशी आमचं खरं काम सुरू झालं. माहिती बरोबर होती, पुरेशी होती, आणि तरी भीती जागची हलली नव्हती. कारण केतकीला माहिती नको होती, खात्री हवी होती. "तुला हा आजार नाही आणि कधीच होणार नाही" असं कुणीतरी सांगायला हवं होतं. ते कुठलीही वेबसाइट सांगू शकत नाही, प्रामाणिक डॉक्टरही सांगू शकत नाही. खात्री शोधत बसणाऱ्याला उत्तम माहितीतही फट सापडतेच.

वॉर्विक आणि सॉल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसतज्ज्ञांनी १९८६मध्ये याबद्दल जे मांडलं ते आजही आमच्या कामाचा पाया आहे. आजाराची भीती बसलेला माणूस वारंवार दिलासा मागतो. दिलासा मिळाला की थोडा वेळ बरं वाटतं, मग शंका परत येते आणि या वेळी जास्त दिलासा लागतो. खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि खाज वाढते, तसं. पूर्वी दिलासा मागायला माणूस लागायचा, आणि माणूस कधीतरी कंटाळायचा. फोन कंटाळत नाही.

म्हणून आम्ही शोधण्याची पद्धत बदलली. शोधायची इच्छा झाली की आधी वहीत प्रश्न लिहायचा, पूर्ण वाक्यात. मग स्वतःला विचारायचं: याचं उत्तर मिळालं तर मी वेगळं काय करणार? "ईएमजी कधी पुन्हा करावी लागते?" या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्यावरून काही ठरवता येतं. "मला एएलएस नाही ना?" याला नेटवर उत्तर नाही. पहिल्या प्रकारचे प्रश्न दिवसा, एका बैठकीत, ठरलेल्या ठिकाणी वाचायचे आणि मिळालेलं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न वहीतच राहू द्यायचे आणि ती अस्वस्थता ओसरेपर्यंत काहीही शोधायचं नाही. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. ती रडली, माझ्यावर चिडलीही. पण शोधलं नाही तरी अस्वस्थता उतरते, हे शरीराने अनुभवल्याशिवाय पटत नाही. तिचा नवरा रोज रात्री "तुला काही झालेलं नाही गं" म्हणायचा, त्यालाही एकदा बोलावलं. त्याने म्हणायचं ठरलं, "तुला भीती वाटतेय ना, मी इथे बसतो."

मधल्या काळात तिच्या बहिणीने एक बातमी पाठवली: गर्भनिरोधक गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट. केतकी स्वतः ती गोळी घेत होती. या वेळी तिने वहीत प्रश्न लिहिला: दुप्पट म्हणजे कितीचे किती? मला फार आनंद झाला, कारण १९९५मध्ये ब्रिटनमध्ये हाच प्रश्न पुरेसा विचारला गेला नव्हता. तिथे नव्या गोळ्यांनी धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात आकडा सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भारपणं आणि गर्भपात वाढले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. केतकीने गोळी बंद केली नाही, डॉक्टरांची वेळ घेतली.

काही गोष्टी मी तिला वाचायच्या नाहीत असं स्पष्ट सांगितलं, आणि ते सगळ्यांनाच लागू आहे. छातीत दाब किंवा वेदना, अचानक एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, स्वतःला इजा करण्याचे विचार. अशा वेळी शोधायला बसायचं नाही, तातडीची मदत मागवायची.

न्यूरोलॉजिस्टकडे ती पुन्हा एकदा गेली, भीतीपोटी नाही, ठरलेल्या फेरतपासणीला. जाण्याआधी आम्ही बोलून घेतलं होतं. "मी नेटवर वाचलं की..." अशी सुरुवात झाली की डॉक्टर अनेकदा बचावात्मक होतात, त्यामुळे तिने असं विचारलं: "मी हे वाचलं आहे. माझ्या बाबतीत ते लागू होत नसेल तर तुम्हाला तपासणीत काय दिसलं म्हणून?" या वेळी डॉक्टरांनी तिला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं आणि काय पाहतायत ते सांगत गेले. ताकद कमी झाली, स्नायू बारीक होत गेले, बोलायला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर परत यायचं, नुसत्या फडफडीसाठी नाही. हे तिने तिथेच वहीत लिहून घेतलं आणि त्यांना दाखवून बरोबर असल्याची खूण करून घेतली. पोटरी अजूनही अधूनमधून फडफडते. त्याबद्दल काही शोधावंसं वाटलं तर ती आधी ते पान उघडते.