उंदराचं रक्त बघताना

बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं कोष्टक आणि स्लाइडचे फोटो मिळाले. कंट्रोलच्या, म्हणजे जंतू न टोचलेल्या उंदरांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) ७२ टक्के आले म्हणून शेजारी 'व्हायरल?' लिहिलंस. बेळगावच्या लॅबमध्ये माणसांचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजण्या, करून बसलेला हात तो, असं लिहिणारच. अगं, धडधाकट उंदराचं रक्तच तसं असतं. लिम्फोसाइट ७० ते ८० टक्के, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, १० ते २५. जंतू टोचल्यावर हे पारडं फिरतं; ते किती फिरलं हे कंट्रोलशेजारी ठेवूनच कळतं.

जंतू टोचल्यावर सहा तासांनी घेतलेल्या नमुन्यात पांढऱ्या पेशी निम्म्यावर आल्या म्हणून तो उंदीर गाळायचा म्हणतेस. गाळू नकोस! सुरुवातीला न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, फुप्फुसात अडकतात. शेपटीच्या थेंबात येणार कुठून? पुढे अस्थिमज्जा कोवळ्या पेशी सोडते. उंदराच्या न्यूट्रोफिलचं केंद्रक उडीदवड्यासारखं, मधे भोक. कडं सगळीकडे सारखं जाड असेल तर पेशी कोवळी, जागोजागी आवळलेलं असेल तर पिकलेली. भोवतीचा भाग निळसर, डागाळलेला दिसला तर संसर्ग जोरात आहे असं समज.

लिम्फोसाइट मात्र नुसत्या भीतीनेही उतरतात. पकडताना कोण जास्त धडपडला ते वहीत लिहीत जा.

(मी नवा असताना सशाच्या रक्तात तांबूस दाणे बघून इओसिनोफिल (जंत झाले की वाढणाऱ्या पेशी) मोजले आणि 'जंत' असा शेरा मारला होता. ते सशाचे न्यूट्रोफिलच, त्यांचे दाणे तसेच रंगतात. सरांनी आठवडाभर 'काय, जंत सापडले का?' म्हणून विचारलं.)

तांबड्या पेशींतली चमकणारी भोकं हा रोग नव्हे, आपला पाऊस आहे. खानापूरकडच्या दमट हवेत स्लाइड सावकाश वाळते, स्लाइड पक्की करायच्या मिथेनॉलची उघडी राहिलेली बाटली पाणी ओढते. स्लाइड पंख्याखाली लगेच वाळव, बाटली नवी फोड.

रविवारी सकाळच्या गाडीनेच ये आणि स्लाइड घेऊन ये. संसर्गात प्लेटलेट घटतात हे खरं, पण उंदराच्या रक्तात त्यांच्या गुठळ्याही फार लवकर होतात, आणि त्या स्लाइडच्या टोकाला जाऊन बसतात. तुझ्या फोटोत टोकच नाही. 'प्लेटलेट कमी' ही ओळ तोवर पेन्सिलीनेच राहू दे.

तुझे,
सर