आधी खोली, मग ॲम्प्लिफायर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत ५० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि टीव्हीच्या दोन बाजूंच्या कोपऱ्यांत दोन स्पीकर आहेत. डग्गा फार घुमतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. वॅट दुप्पट केल्याने आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा असेल, तर शक्ती सुमारे दहापट लागते. शिवाय आपली तक्रार आवाज कमी पडण्याची नसून घुमण्याची आहे, आणि तो दोष खोलीचा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर ज्या ध्वनिलहरीच्या अर्ध्या लांबीइतके असते, ती लहर तिथे साचून राहते. बारा फुटांना तिची कंप्रता (दर सेकंदाची कंपने) साधारण ४७ हर्ट्‌झ आणि दहा फुटांना ५६ हर्ट्‌झ येते. तशाच साचणाऱ्या त्यांच्या दुपटी, म्हणजे ९४ आणि ११३ हर्ट्‌झ, काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या नेमक्या मंद्र सप्तकात पडतात. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर या सगळ्या कंप्रतांना एकदमच चेतवतो.

म्हणून स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढावेत, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणावेत, आणि बाजूच्या भिंतीचे अंतर मागच्या अंतराइतकेच ठेवू नये. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा व ट्विटर (स्पीकरमधला बारीक, उंच स्वरांचा लहान भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. स्टँड नसले तरी अडत नाही. मी स्वतः काही महिने दोन लाकडी स्टुलांवर जाड दिवाळी अंकांची चवड रचून काम भागवले होते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तोही फूटभर पुढे ओढावा, कारण खर्जाचा सर्वांत मोठा ढीग भिंतीलगतच साचतो.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये सगळीकडे गुळगुळीत फरशी आहे. टाळी वाजवली की झणझण ऐकू येते. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावावेत का?

उत्तर : लावू नयेत. कागदी लगद्याचा तो पातळ ट्रे फार थोडा आवाज शोषतो आणि पेट मात्र चटकन घेतो. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड जाजम अंथरावे, खिडकीला भरपूर चुण्यांचा जड पडदा लावावा, आणि पुस्तकांचे कपाट बंद दारांचे नसून उघडे असावे. त्यानंतर आपण नेहमीच्या जागी बसून घरातल्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून हातातला आरसा सरकवायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून आपल्यापर्यंत येतो. त्या जागी एखादी जाड गोधडी लाकडी चौकटीवर ताणून भिंतीपासून तीन-चार इंच पुढे टांगली, तर तालवाद्यांची धार लगेच स्वच्छ होते. भिंतीला चिकटवलेली गोधडी इतके काम करत नाही.

प्रश्न : महागडी स्पीकर-केबल घेतल्याने फरक पडतो का?

उत्तर : पाच मीटर अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. जाण्यायेण्याचा तिचा एकूण रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.०७ ओहम भरतो, जो ८ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य आहे.

प्रश्न : आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या नव्या टर्नटेबलवर खरखरतात. टर्नटेबल बदलावे का?

उत्तर : प्रथम सुई बदलावी. एलपीच्या सुईचे टोक २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) किंवा त्याहून बारीक असते, तर या तबकड्यांच्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी, शंभर वर्षांच्या धुळीत घासत जाते आणि आपण ती धूळच ऐकतो. कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते त्या डबीला) अशी सुई मिळते का आणि टर्नटेबलला खरोखरच ७८चा वेग आहे का, हे दोन्ही तपासावे. ॲम्प्लिफायरला मोनोचे, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करणारे, बटण असल्यास दाबावे. खरखरीचा बराच भाग तेवढ्याने गळून जातो. तबकडी मात्र स्पिरिटने कधीही पुसू नये. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, मधले लेबल कोरडे ठेवून, मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसावी आणि ताबडतोब कोरडी करावी.