पिस्ता रंगाच्या भिंतीपुढे ख्रिसमस ट्री ठेवायचंय, कोणते रंग घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलांच्या हट्टापायी यंदा टिळकवाडीच्या घरात पहिल्यांदाच पाच फुटी प्लॅस्टिकचं झाड आलंय, हॉलच्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत, लाल-सोनेरी जिकडेतिकडे दिसतं म्हणून जरा वेगळं हवंय, आणि सजावटीचं सामान अजून आणलेलं नाही. हे शेवटचं फार बरं झालं. बहुतेक लोक आधी बॉलचे डबे घेऊन येतात आणि मग झाडापुढे उभे राहून डोकं खाजवतात.

मी बेळगावात मंडप-डेकोरेशनचं काम करतो. आमचा खरा धंदा लग्नसराईचा आणि गणपतीचा, पण डिसेंबर आला की कॅम्पातली काही घरं, एखादं हॉटेल, एखादं शोरूम अशी झाडंही सजवायला येतात. माझ्या हिशेबाने रंग ठरवताना बॉल सगळ्यात शेवटी येतात. आधी दिवा बघायचा, मग भिंत, मग झाडाचा स्वतःचा हिरवा.

दिव्याचं कुणी मनावरच घेत नाही. पांढऱ्या एलईडी माळांत दोन जाती असतात. पिवळसर प्रकाशाची वॉर्म व्हाइट, साधारण 2700 ते 3000 केल्विनची (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप), आणि निळसर प्रकाशाची कूल व्हाइट, 6000 ते 6500 ची. आपल्याकडच्या घरांतली ट्यूबलाइटही बहुतेक 6500 चीच असते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी, त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. (तो निळा एलईडी बनवणाऱ्या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्तातल्या कूल व्हाइट माळेत निळा भरपूर आणि लाल फार थोडा असतो. म्हणून तिच्या उजेडात लाल बॉल मळकट दिसतो, सोनेरी हिरवट मारतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं की दुकानदारानं फसवलं. वॉर्म माळेत याच्या उलट. तिथे चांदी पिवळी पडते आणि निळ्यातली जान जाते.

तेव्हा वॉर्म माळ असेल तर लाल, डाळिंबी, तांब्याचा रंग, सोनेरी, मोतिया. कूल असेल तर चंदेरी, पांढराशुभ्र, निळा, जांभळा. दोन्ही माळा एकाच झाडावर घालू नका. आणि रंगीत झगमगती माळ, जी दर दोन सेकंदांनी रंग बदलते, ती मुलांनी मागितली तर खिडकीला लावा. झाडावर लावलीत की बाकी कुठलाही रंग ठरवण्यात अर्थ उरत नाही.

आता तुमची भिंत. पिस्ता भिंतीपुढे हिरवं झाड म्हणजे झाड भिंतीत विरघळणार आणि बॉल तेवढे हवेत लटकल्यासारखे दिसणार. लालभडक घेतलं तर हे जास्तच जाणवतं, कारण लाल आणि हिरवा रंगचक्रात समोरासमोर बसतात आणि एकमेकांना आणखी भडक करतात. भिंत रंगवायला मी सांगत नाही. झाडाच्या मागे मोतिया किंवा फिकट बदामी रंगाचा एक साधा पडदा सोडा, झाडाहून दोन्ही बाजूंनी हातभर रुंद. घरात तसली चादर असेल तर इस्त्री करून तीच लावा, ती चालते. खिडकीचा पडदा त्या रंगाचा असेल तर झाडच तिथे सरकवा. एवढ्या एका गोष्टीनं अर्धं काम होतं.

रंगांचं प्रमाण सांगायला मला इरकल साडीइतकं सोपं दुसरं काही सापडत नाही. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचा, आणि पदर उठून दिसणारा, पण थोडाच. झाडालाही असंच: एक रंग निम्म्याहून जास्त, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा चिमूटभर. तिन्ही रंग सारखे घेतले की झाडाला ना अंग राहतं ना पदर. सोनेरी, चंदेरी, तांबट या धातूच्या छटा कुठल्याही रंगाशी भांडत नाहीत, म्हणून काठाची जागा त्यांना द्यावी.

तुमच्यासाठी मी हे निवडेन: अंग मोतिया, काठ तांबट, पदर डाळिंबी, आणि माळ वॉर्म व्हाइट. तुम्ही म्हणाल डाळिंबीच जास्त का नको? गडद रंग दिवसा राजबिंडे दिसतात, पण रात्री गर्द हिरव्या फांद्यांत बुडून जातात. डाळिंबी, गडद निळा, वांगी रंग, तिघांचीही तीच गत. म्हणून डाळिंबी थोडा घ्यायचा, चकचकीत घ्यायचा, आणि प्रत्येक बॉल माळेतल्या एखाद्या दिव्याच्या अगदी शेजारी टांगायचा. मोतिया मात्र मॅट घ्या. सगळंच चकचकीत असलं की नजर कुठेच ठरत नाही.

सामान खडेबाजार, गणपत गल्लीत हिंडलात की मिळेल, पण तांबट रिबन ख्रिसमसच्या सामानात शोधत बसू नका. मॅचिंग सेंटरमध्ये जा. फॉल-पिको, लेस, सॅटिनच्या रिबनी जिथे असतात, तिथे एकाच रंगाच्या इतक्या छटा मिळतात की काउंटरवरचा माणूसच विचारतो, “कुठला तांबट, गंजका की नवा?” आणि बायका ब्लाउजपीस घेताना करतात तेच करा: रिबन हातात धरून दुकानाच्या दारात या, उन्हात बघा, मग परत आत दिव्याखाली बघा. दोन्हीकडे आवडली तर घ्या. दोन रंग एका दिव्याखाली अगदी सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात, त्यात दुकानदाराचा दोष नसतो. एक मोतिया बॉल खिशात घेऊन गेलात तर आणखी बरं.

एक सूचना फक्त आपल्या गावापुरती. लाल आणि पिवळी रिबन जोडीनं घेऊ नका. दुसरीकडे त्याला काहीही म्हणत असतील, बेळगावात ते झाड 1 नोव्हेंबरचं, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या झेंड्यासारखं दिसणार, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा, मराठी असो की कन्नड, त्यावर एकेक वाक्य टाकूनच चहा पिणार. सोनेरी चालतं, हळदीचा पिवळा टाळा.

“पण खरा ख्रिसमस लाल-हिरवाच ना?” असं घरातलं कुणीतरी म्हणेलच, म्हणून थोडं सांगून ठेवतो. जर्मन मुलखात 24 डिसेंबर हा आदम-हव्वेचा दिवस मानत. त्यांच्या गोष्टीचं नाटक व्हायचं, त्यात नंदनवनाचं झाड म्हणून हिरव्या झाडाला लाल सफरचंदं बांधत. पुढे चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तसल्या पांढऱ्या चकत्याही आल्या. 1605 च्या सुमाराच्या स्ट्रासबर्गमधल्या एका नोंदीत रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, त्या चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखर अशी सजावट सांगितली आहे. म्हणजे पांढरा आणि सोनेरी काही कालपरवाचे नाहीत. विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं 1882 साली न्यूयॉर्कमध्ये सजवलं, 80 दिव्यांचं, लाल, पांढऱ्या आणि निळ्या. निळ्याला नावं ठेवणाऱ्यांना हे ऐकवा. आणि चर्चचा रंग म्हणाल तर नाताळाच्या मिस्सेला कॅथलिक पाद्री पांढरा किंवा सोनेरी झगा घालतात. आधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळात जांभळा असतो. आमच्या कॅम्पातली एक आजी झाडावर 24 च्या संध्याकाळपर्यंत फक्त जांभळ्या रिबनी ठेवते आणि मग नातवंडांना त्या सोडून पांढऱ्या बांधायला लावते. मला हे फार आवडतं, पण रिबनींचा खर्च दुप्पट.

सजवताना क्रम चुकवू नका. आधी फांद्या नीट उघडा, एकेक काडी वाकवून. नव्या झाडाला यात अर्धा तास जातो, जाऊ द्या. मग माळ. ती झाडाभोवती गुंडाळू नका, खोडाकडून फांदीच्या टोकाला आणि परत अशी आत-बाहेर न्या, म्हणजे झाड आतून उजळतं. पाच फुटाला शंभर-शंभर दिव्यांच्या दोन माळा लागतात, तीन असल्या तर छानच. मग रिबन. मग मोठे बॉल खोडाजवळ आत, मधले मध्यावर, लहान टोकांना आणि वर. पन्नास-साठ बॉल पुरेत. डाळिंबी सगळ्यात शेवटी, आणि तो एका ओळीत येऊ देऊ नका.

झालं की मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग निघून गेल्यावर कुठे काळा खड्डा आहे आणि कुठे नुसतं पांढरं पांढरं झालंय ते लगेच कळतं. खड्ड्यात एक मोतिया बॉल, पांढऱ्या गर्दीत एक डाळिंबी. लग्नाच्या स्टेजलाही मी हीच युक्ती वापरतो.

बर्फ म्हणून कापूस पसरतात, तो नको. आठवड्यात धूळ धरून राखाडी होतो, आणि दिव्यांच्या माळेला लागून कापूस ठेवणं धोक्याचंच.

मुलांनी शाळेतून कागदाचे रंगीबेरंगी तारे करून आणले तर तेही लावा, फक्त सगळे एकाच तांबट रिबनीनं बांधा. आणि पुढच्या वर्षी प्लॅस्टिकऐवजी नर्सरीतलं कुंडीतलं झाड आणणार असाल तर हे सगळं गणित बदलेल. ते अरौकेरिया, मूळचं दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचं. त्याच्या फांद्या मजल्यामजल्यानं येतात, मधे मोकळी जागा असते आणि त्यांना वजन पेलत नाही. तिथे एकच रंग, तोही लहान बॉलचा किंवा कागदाचा, बस्स.

हॉलमध्ये ट्यूबलाइट आहे की पिवळा दिवा ते तुम्ही लिहिलेलं नाही. ट्यूबलाइटच असेल आणि संध्याकाळभर चालूच राहणार असेल, तर तांबट आणि डाळिंबी खरेदी करू नका. तेव्हा मोतियाच्या जागी पांढरा, तांबटाच्या जागी चंदेरी, पदराला मोरपंखी, आणि माळ कूल व्हाइट.