टॅबलेटवर सिनेमे बघायचे तर ॲप बरं, डाउनलोड बरं की सरळ फाइल कॉपी केलेली बरी?

तुमचा टॅबलेट १० इंची अँड्रॉइड आहे, स्टोरेज ६४ जीबी, घरी वायफाय आहे आणि सिनेमे बघायचेत ते जास्त करून लांबच्या प्रवासात, असं तुम्ही लिहिलंय. मग ॲप कोणतं हा प्रश्न नंतरचा. नेट गेल्यावर टॅबलेटवर काय चालतं, ते आधी बघा.

माझी फजिती सांगतो. रात्रभराच्या रेल्वे प्रवासासाठी एका ॲपमध्ये तीन सिनेमे उतरवून ठेवले होते. गाडी सुटली, हेडफोन लावले, पहिल्या सिनेमावर बोट टेकवलं तर समोर पाटी: मुदत संपली, इंटरनेटशी जोडा. दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. तिन्ही सिनेमे टॅबलेटमध्ये जागा अडवून बसलेले आणि मी वरच्या बर्थकडे बघत पडलेलो. ॲपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूपबंद फाइल असते आणि तिच्या किल्लीला मुदत असते. काही सिनेमे तर एकदा सुरू केले की ४८ तासांत बंद होतात, म्हणजे आज अर्धा बघून उरलेला रविवारी बघू म्हटलं तर गेलाच. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाकतो आणि प्रत्येक सिनेमा मिनिटभर चालवून बघतो. कटकट आहे, पण दुसरा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. अँड्रॉइडवर ही कुलपं बहुतेक गूगलच्या वाइडवाइन नावाच्या यंत्रणेची असतात. तिची एल-१ पातळी असली की व्हिडिओचं कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं आणि ॲप एचडी चित्र देतं. एल-३ असली की सगळं नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं. मग बहुतेक मोठ्या सेवा ४८०पी च्या आसपासचंच, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्र देतात, स्क्रीन कितीही भारी असो आणि प्लॅन कितीही महागाचा असो. चित्र धुरकट दिसतंय म्हणून लोक राउटरला शिव्या घालतात आणि दोष भलतीकडेच असतो. 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं ॲप आहे, त्यात पातळी दिसते. एचडीचा प्लॅन घ्यायच्या आधी एवढं बघाच. आयपॅडवर ॲपलची वेगळी यंत्रणा असते, तिथे एल-१, एल-३ ही भानगड नाही.

तुमच्याकडे सिनेमांच्या स्वतःच्या फाइली असतील तर प्रवासासाठी माझं मत फाइलींनाच. मुदत नाही, लॉगिन नाही. प्लेअर म्हणून व्हीएलसी टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत (रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह, तेच). काही प्लेअरमध्ये चित्र दिसतं पण आवाजच येत नाही. तेव्हा फाइल बिघडलेली नसते, आवाज डीटीएस किंवा डॉल्बी या फॉरमॅटमधला असतो आणि त्या प्लेअरला तो उलगडता येत नाही. व्हीएलसीत ही अडचण सहसा येत नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. ५ एमबीपीएसची (सेकंदाला ५ मेगाबिट डेटाची) फाइल तासाला सव्वादोन जीबी खाते, म्हणजे अडीच तासांचा सिनेमा साडेपाच जीबीच्या वर. १० इंची स्क्रीनला मला ७२०पी, २ एमबीपीएस पुरतं. त्यात तोच सिनेमा सव्वादोन जीबीत बसतो. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने फाइल लहान करून घ्या. मेमरी कार्ड वापरणार असाल आणि मोठी फाइल कॉपी होताना अडत असेल, तर कार्ड फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. टॅबलेटला चालत असेल तर ते एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर कार्डावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी त्यावरचे फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या.

घरच्या घरी बघायचं तर वायफाय आहेच, खुशाल ॲपवर बघा.

वर-खाली काळ्या पट्ट्या येतात म्हणून झूम करू नका. रुंद पडद्याचा २.३९:१ चा सिनेमा १६:१० च्या स्क्रीनवर पूर्ण भरला की दोन्ही बाजू मिळून जवळजवळ एक तृतीयांश चित्र कापलं जातं. कडेला उभा राहून बोलणारा माणूस मग नुसता ऐकू येतो.

सबटायटलची एसआरटी फाइल सिनेमाच्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा, व्हीएलसी ती आपोआप उचलतं. मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर ती फाइल कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये यूटीएफ-८ निवडून पुन्हा सेव्ह करा.