मातीतून शुद्ध अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइड) काढायचाय? मग आधी हे वाच

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेण्याआधी माती ठरव. आपल्या नाशिकची काळी माती बेसाल्टची, लोहानं भरलेली. तिच्यात द्राक्षं लावावीत. तुला हवा केओलिन, म्हणजे चिनी माती. सिंधुदुर्गात मिळते. शुद्ध केओलिनमध्ये अल्युमिना साधारण ३९ टक्के असतो.

६५०-७०० अंशांना भाजलंस की तिची स्फटिकरचना मोडते आणि अल्युमिनियम हायड्रोक्लोरिक आम्लात उतरतं. सिलिका बहुतांश गाळात राहते. इथवर कुणालाही जमतं. खरी कसोटी पुढे आहे. गाळलेल्या द्रावात हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की अल्युमिनियम क्लोराइडचे पांढरे स्फटिक खाली बसतात, लोह पिवळट द्रावातच राहतं. स्फटिक तीव्र आम्लानंच धुवायचे. पाण्यानं धुशील तर माल विरघळून जाईल. पुन्हा विरघळव, पुन्हा स्फटिक पाड. हाच फेरा शुद्धता देतो, इथे घाई नको.

९९.९९ टक्के शुद्धता म्हणजे सगळी अशुद्धी मिळून १०० पीपीएम, दहा लाखात १०० भाग. एलईडीच्या नीलम तबकड्यांना आणि लिथियम बॅटरीच्या सेपरेटरला (दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्याला) असाच माल लागतो. म्हणून नळाचं पाणी बंद, स्टीलचा चमचासुद्धा बंद, भांडी प्लास्टिकची. शेवटी क्लोराइडचे स्फटिक भाजले की त्यांचा अल्युमिना होतो; त्या भाजणीला मूसही शुद्ध अल्युमिनाचीच घे.

हे स्फटिक भाजताना आम्लाची वाफ सुटते. ती स्क्रबरमध्ये (वायू धुऊन शोषणाऱ्या यंत्रात) पकडून परत वापर, नाहीतर आम्लाच्या खर्चातच बुडशील. प्रदूषण मंडळाची संमती मशिनरीच्या ऑर्डरआधी घे.